मूल असं का वागतं? आधी वही, मग उपाय

तुळशीबागेत भातुकलीच्या दुकानासमोर चार वर्षांची मुलगी भर रस्त्यात बसकण मारते. आई हात धरून उठवायला जाते, तशी ती लोळण घेते. चप्पल एकीकडे, पिशवी दुसरीकडे. जाता-जाता कोणीतरी थांबून म्हणतं, "फारच हट्टी आहे हो!" आता ही लोळण का? तर मुलगी हट्टी आहे म्हणून. हट्टी कशावरून? तर लोळण घेते यावरून. म्हणजे निघालो तिथेच परत आलो, आणि पुढच्या रविवारी काय करायचं ते कळलंच नाही.

वर्तन विश्लेषण हे शास्त्र इथे एक साधी गोष्ट मागतं. स्वभावाला नाव ठेवण्याआधी दोन गोष्टी बघा: त्या वागण्याच्या अगदी आधी काय घडलं, आणि लगेच नंतर मुलाला काय मिळालं किंवा ते कशातून सुटलं. तीच लोळण एका मुलीला स्टीलचा चिमुकला कुकर मिळवून देते. दुसरीला ती तासभर गर्दीत उभं राहण्यातून सोडवते, आणि तिसरीला फोनवर बोलत असलेल्या आईचं पूर्ण लक्ष मिळवून देते. दिसायला वागणं एकच असलं तरी काम तीन वेगळी, म्हणून उपायही वेगळे. एकीचा उपाय दुसरीला लावला तर तो वाया जातोच, शिवाय पुष्कळदा वागणं वाढतं.

एक वागणं निवडा आणि ते डोळ्यांना दिसेल असं लिहा

बहुतेक घरांत एका दमात दहा तक्रारी निघतात: जेवत नाही, ऐकत नाही, मारतो, अभ्यासाला बसत नाही, मोबाईल सोडत नाही. दहाही एकदम हातात घेतल्या की एकही सुटत नाही. ज्यात कोणाला इजा होते ते पहिलं घ्या. तसं काही नसेल तर रोज घडणारं घ्या, कारण रोज घडतं त्याचाच रोज सराव करता येतो.

मग त्याचं वर्णन करा. "चिडतो", "त्रास देतो", "मुद्दाम करतो" हे शब्द चालणार नाहीत. "वही फेकतो, टेबलाखाली जाऊन बसतो, बोलावलं तर पाय झाडतो" हे चालेल. कसोटी अशी, की आजी आणि बाबा दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून त्याच संध्याकाळचा व्हिडिओ पाहिला तर दोघांची मोजणी सारखी यायला हवी. एक म्हणतो तीनदा, दुसरी म्हणते आठदा, तर वर्णन अजून मोघम आहे.

वहीचा आठवडा

शंभर पानी वही आडवी धरा आणि चार रकाने आखा: वेळ आणि कोण होतं, आधी काय झालं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. प्रसंग शमल्यावर दहा मिनिटांच्या आत लिहायचं. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीत घडलेलं कमी आणि आपला राग जास्त उतरतो. सात दिवस किंवा दहा-पंधरा नोंदी, जे आधी होईल ते. या आठवड्यात उपाय कुठलाही करायचा नाही, नेहमी वागता तसंच वागा. धीर धरणं जड जातं, पण सुरुवात किती होती हे माहीत नसेल तर नंतर फरक पडला की नाही हेही कळणार नाही.

सात वर्षांच्या मुलाच्या वहीचा हा एक नमुना. तक्रार होती, "अभ्यासाला बसला की तमाशा."

सोमवार, ७.१०, आई. आधी: "मराठीची वही काढ." केलं: वही ढकलली, पेन्सिल फेकली, टेबलाखाली जाऊन बसला. नंतर: आई म्हणाली, "बरं, आधी दूध पी, मग बघू." बारा मिनिटं लिखाण नाही.

मंगळवार, ७.२५, बाबा. आधी: शुद्धलेखन, दुसऱ्या ओळीवर "अक्षर बघ जरा, खोडून परत लिही." केलं: पान फाडलं, रडला. नंतर: बाबा ओरडले, "जा, कोपऱ्यात उभा राहा!" पंधरा मिनिटं कोपऱ्यात.

बुधवार, ७.०५, आई. आधी: आठ बेरजा दिल्या. केलं: आठही केल्या, काही त्रास नाही. नंतर: वही बंद करून खेळायला गेला.

गुरुवार, ७.१५, आई आणि आजी. आधी: "आज सहा ओळी." केलं: वही फेकली, आजीला चिमटा काढला. नंतर: आजी म्हणाली, "राहू दे गं आज, दमलाय तो." वही बंद.

आता फक्त शेवटचा रकाना वरून खाली वाचा. दूध, कोपरा, आजीची माया. मोठ्यांच्या दृष्टीने या तीन अगदी वेगळ्या गोष्टी. एक समजूत, एक शिक्षा, एक लाड. मुलाच्या दृष्टीने तिन्हींचा अर्थ एकच: लिहिणं थांबलं. बाबांना जी शिक्षा वाटते ती त्याला सुट्टी आहे. आणि बुधवारची नोंद सगळ्यात मोलाची, कारण तिने "अभ्यासाचा कंटाळा" ही समजूत खोटी पाडली. त्याला अभ्यास नकोसा नाही, हाताने लिहिणं नकोसं आहे. इथून पुढचे प्रश्न आपोआप सुचतात: पेन्सिल कशी धरतो, हात लवकर दुखतो का, डोळे तपासलेत का. म्हणूनच वागणं बिनसलं नाही ते दिवसही लिहा. पालक ते हमखास गाळतात.

वहीच्या कडेला आणखी तीन गोष्टी टिपायच्या: झोप, पोट आणि आवाज. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट दिवसाला १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सकाळची शाळा, सातची व्हॅन आणि रात्री साडेदहाला जेवण असेल तर हा हिशोब बसत नाही, आणि तुटवडा संध्याकाळी बाहेर पडतो. आवाजाचं म्हणाल तर गणपतीच्या आधीचे आठवडे आठवा. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की जवळपास राहणारी, आवाजाने बिथरणारी मुलं संध्याकाळी विनाकारण चिडल्यासारखी दिसतात. कारण असतं, फक्त ते घराबाहेर वाजत असतं.

आणि एक गोष्ट या सगळ्याच्या आधी. शांत मूल अचानक चावायला, डोकं आपटायला, जेवण नाकारायला लागलं तर प्रथम बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कानदुखी, बद्धकोष्ठता, किडलेला दात, जंत यांपैकी काहीही बोलता न येणाऱ्या मुलाला असं वागायला लावतं, आणि ते वही भरून बरं होत नाही.

चार कामं, आणि ती ओळखायच्या खुणा

मुलाचं वागणं ढोबळमानाने चारांपैकी एक काम करतं. कधीकधी दोन.

लक्ष मिळवणं. खूण अशी, की तुम्ही फोनवर असता, पाहुण्यांशी बोलत असता, धाकट्याला घेतलेलं असतं तेव्हा ते घडतं. आणि करताना मूल तुमच्याकडे बघतं. इथे लक्षात ठेवायचं ते हे, की रागावणं हेही लक्षच आहे. "किती वेळा सांगितलं तुला!" हे वाक्य म्हणताना आपण मुलाकडे पूर्ण वळलेलो असतो, नजर त्याच्यावर, आवाजात जीव ओतलेला. दिवसभरात दुसऱ्या कुठल्या वाक्याला एवढं मिळतं का?

वस्तू किंवा आवडीची गोष्ट मिळवणं. मोबाईल काढून घेतल्यावर, बागेतून निघायची वेळ झाल्यावर, दुकानासमोर. वस्तू हातात पडताच रडणं बंद होतं, अगदी सेकंदात.

सुटका. काहीतरी सांगितल्यावर, अवघड किंवा कंटाळवाणं काम समोर आल्यावर, गर्दीत, केस कापताना. ते थांबवलं की शांत.

आणि शरीराला मिळणारा अनुभव. अंगठा चोखणं, डुलणं, हात फडफडवणं, शर्टाची कॉलर चघळणं. मूल एकटं असतानाही हे तितकंच चालतं, कोणी बघो न बघो. बहुतेकदा ते निरुपद्रवी असतं, त्याच्या मागे लागू नका. कॉलर चघळून भिजत असेल तर चघळायला सुरक्षित वस्तू द्या, विषय संपला.

ही विभागणी हवेतून आलेली नाही. अमेरिकेतील ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुला-तरुणांवर एक पद्धत वापरली. प्रत्येकाला वेगवेगळ्या परिस्थितींत थोडा-थोडा वेळ ठेवायचं: इजा केल्यावर काळजीचे शब्द मिळतात ती, अवघड काम दिलं जातं ती, मोकळ्या खेळाची आणि एकटं असण्याची. वागणं कुठे वाढतं ते मोजायचं. बहुतेकांचं एकाच कुठल्यातरी परिस्थितीत ठळकपणे वाढलं, आणि ती परिस्थिती प्रत्येकाची सारखी नव्हती. हा प्रयोग घरी करू नका, तो प्रशिक्षित माणसांनी वैद्यकीय देखरेखीखाली करायचा असतो. घरी वही पुरते.

नोंदी वाचूनही नक्की होत नसेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा: या क्षणी नेमकं काय दिलं किंवा काय थांबवलं तर हे बंद होईल? उत्तर सहसा लगेच सुचतं, कारण आपण रोज तेच देत आलेलो असतो.

सोपा रस्ता शिकवा

उपायाचा गाभा इथे आहे. मुलाला जे हवंय ते मिळवायचा दुसरा रस्ता शिकवायचा, आणि तो जुन्या रस्त्यापेक्षा सोपा आणि जलद हवा. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली हे नीट दाखवलं. कठीण कामातून सुटण्यासाठी बिथरणाऱ्या मुलांना त्यांनी "मला समजत नाही" म्हणायला शिकवलं, आणि असं म्हटलं की मदत मिळे. लक्षासाठी तसं वागणाऱ्यांना "माझं बरोबर चाललंय का?" हा प्रश्न शिकवला, आणि तो विचारला की कौतुक मिळे. दोन्ही वाक्यांनी वागणं सुधारलं, पण योग्य मुलाला योग्य वाक्य दिलं तरच. सुटका हवी असलेल्याला कौतुकाचं वाक्य शिकवून काही झालं नाही.

आपल्या शुद्धलेखनवाल्या मुलाचं उदाहरण पुढे नेऊ. आधी वहीतून काढा की लिहायला बसल्यापासून बिनसेपर्यंत सरासरी किती वेळ जातो. समजा चार मिनिटं. मग पहिला आठवडा तीन मिनिटांवर थांबायचं, म्हणजे बिनसायच्या आत. सहा ओळींऐवजी दोन. वहीशेजारी एक कार्ड ठेवा, जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडाही चालेल, त्यावर "थोडं थांबू?" असं लिहा. पहिल्या दिवशी तो फेकाफेक सुरू करायच्या आधी, दीड-दोन मिनिटांनीच, तुम्ही त्याचा हात कार्डापर्यंत न्या, "थोडं थांबू?" म्हणवून घ्या आणि त्याच क्षणी म्हणा, "हो, थांबू या. दोन मिनिटं." दोन मिनिटांचा गजर लावा. विश्रांतीत पाणी, उड्या, गॅलरीत जाऊन बस बघणं, काहीही. मोबाईल नको. मोबाईलवरून परत वहीवर आणणं ही नवीनच लढाई होते, आणि मग नेमकं कशामुळे बिनसलं ते सांगता येत नाही.

पहिला आठवडा कार्ड दाखवलं की प्रत्येक वेळी विश्रांती. दर मिनिटाला दाखवलं तरी. पालकांना इथेच घाम फुटतो: "मग तो लिहिणार कधी?" पण कार्ड चालतं यावर त्याचा विश्वास बसेपर्यंत ते नाकारलं, तर पेन्सिल पुन्हा उडते, कारण पेन्सिल कधी नाकारली गेलेली नसते. दुसऱ्या आठवड्यापासून: "हो, ही ओळ पूर्ण कर, मग थांबू." सलग तीन दिवस शांत गेले की दोन ओळी. मग तीन. एखाद्या दिवशी फिसकटलं तर एक पायरी खाली या.

आणि पेन्सिल उडालीच तर? काम संपवायचं नाही, पण लांबवायचंही नाही. शांतपणे पेन्सिल परत ठेवा, काम छोटं करा ("फक्त हा एक शब्द"), हात धरून हवा तर मिळून लिहा, आणि मग विश्रांती. कोपऱ्यात पाठवू नका. टाइम-आउट म्हणजे मजेच्या जागेतून थोडा वेळ बाजूला काढणं. मजा नसलेल्या जागेतून बाहेर काढलं तर मूल मनातून आभारच मानेल.

हे सगळं करताना मूळ काम सोपं करायचं विसरू नका. जाड पेन्सिल, मोठ्या चौकटीची वही, पायाखाली पाट म्हणजे पाय लोंबकळत नाहीत, संध्याकाळी सातऐवजी खेळून आल्यावर खाऊ खाऊन साडेसहाला. पुष्कळ घरांत निम्मा प्रश्न एवढ्यानेच सुटतो, कार्ड लागतही नाही.

लक्षासाठी असेल तर

इथे दोन गोष्टी एकदम करायच्या: नको असलेल्या वागण्यावरून लक्ष काढायचं आणि हव्या असलेल्यावर आधीपेक्षा भरपूर द्यायचं. बहुतेक घरांत फक्त पहिलं केलं जातं, आणि मग "दुर्लक्ष करून पाहिलं, उपयोग झाला नाही" असं ठरतं.

दुर्लक्ष त्या वागण्याकडे असतं, मुलाकडे नव्हे. म्हणजे त्याच खोलीत राहायचं, चेहरा सरळ, हातातली भाजी निवडत राहायचं. "मी बघत नाहीये हं!" हे बघणंच झालं. ओरडणं थांबून पाच सेकंद गेले की लगेच वळा: "हं, सांग, काय दाखवत होतास?" शिकवायचा रस्ता म्हणजे हातावर हलकेच टॅप करून "आई, इकडे बघ ना". तो वापरला की फोनवर असलात तरी नजर द्या आणि एक बोट वर करून खुणेने सांगा, "एक मिनिट."

दुसरी बाजू: मूल शांत खेळत असताना दर पाच-दहा मिनिटांनी जाऊन एक वाक्य. "अरे वा, पूल बांधलास!" गप्प बसलंय तोवर आपणही कामं उरकून घेऊ हा मोह सगळ्यांना होतो. मुलाला त्यातून एवढंच समजतं, की शांत असलं की कोणी फिरकत नाही.

आता धोक्याची जागा. लक्ष काढून घेतल्यावर वागणं कमी होण्याआधी वाढतं. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही तर आपण काय करतो? परत दाबतो, जोरात, चार-पाचदा. मूल तेच करतं. वीस मिनिटांची रडारड पस्तीस मिनिटांवर जाईल, आरडाओरडीत नवीन शब्द येतील. हे दोन-चार दिवस किंवा जास्तही चालेल, आणि म्हणूनच सुरुवात कधी करायची हे आधी ठरवा. घरी गौरी जेवणार आहेत, वीस माणसं येणार आहेत, त्या आठवड्यात नको. शेजाऱ्यांना एक शब्द सांगून ठेवा.

कारण मध्येच हार मानणं हे सुरुवात न करण्यापेक्षा वाईट. चौथ्या दिवशी तिसाव्या मिनिटाला "बरं बाबा, घे!" म्हटलं, तर मूल शिकतं की तीस मिनिटं लागतात. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५० च्या दशकात हे प्रयोगशाळेत बारकाईने मोजलं: दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसाचं वागणं बक्षीस बंद झाल्यावर लवकर मावळतं, अधूनमधून मिळणाऱ्याचं फार चिवट टिकतं. आपण धरून ठेवू शकणार नसू, तर पहिल्या मिनिटालाच देऊन टाकलेलं बरं.

मारणं, चावणं, डोकं आपटणं, रस्त्यावर पळत सुटणं याकडे दुर्लक्ष कधीही नाही. हात अडवा, मध्ये उशी धरा, उचलून बाजूला घ्या. फक्त हे करताना भाषण देऊ नका. एक वाक्य, "मारायचं नाही," आणि पुढे काम चालू.

परत तुळशीबागेत

त्या मुलीला वस्तूच हवी असते असं वहीतून निघालं, तर तयारी घरून निघतानाच होते. पायजमा आणि चाळणी आणायचीय, खेळणं आज नाही, किंवा आज एकच, पन्नास रुपयांपर्यंत, शेवटच्या दुकानात. जे ठरेल ते दाराबाहेर पडण्याआधी सांगायचं आणि तिच्याकडून म्हणून घ्यायचं. "आधी चाळणी, मग भेळ." आवडीची गोष्ट नावडत्या गोष्टीच्या मागे ठेवली की नावडतीही होते, हे डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ साली मांडलं. आपल्या आज्या ते "आधी पोळी-भाजी, मग गोड" म्हणून करतच होत्या. फक्त भेळ खरंच मिळाली पाहिजे, आणि चाळणीनंतर लगेच, "आता उशीर झाला, पुढच्या वेळी" असं नाही.

पहिल्यांदा लक्ष्मी रोडच्या रविवारच्या गर्दीत जाऊ नका. मंगळवारी सकाळी, दहा मिनिटं, एक वस्तू, आणि परत. तिला काम द्या: पिशवी धरायची, चाळणीचं दुकान शोधायचं. रिकाम्या हातांना भातुकली दिसते. पंधराव्या मिनिटाला बिनसतं असं वहीत असेल तर बाराव्या मिनिटाला निघायचं, पायजमा राहिला तरी.

आणि तरीही बसकण मारलीच, तर: तिला उचलून दुकानाच्या कडेला, लोकांच्या पायांतून बाजूला घ्या. शेजारी बसा. एकदाच सांगा, "कुकर आज नाही. रडणं झालं की भेळ खायला जाऊ." ठरलेली भेळ तशीच राहते, ती रडणं थांबवायला नव्याने कबूल केलेली नाही. हा फरक महत्त्वाचा. गोंधळ सुरू झाल्यावर "गप्प बस, तुला कॅडबरी देते" ही लाच, कारण कॅडबरी गोंधळातून उगवली. आधी ठरवून, चांगल्या वागण्यानंतर दिलेलं ते बक्षीस. बघणाऱ्यांचं बोलणं ऐकू येईल. त्यातल्या कोणाला उद्या या मुलीला सांभाळायचं नाहीये.

बक्षीस कसं द्यावं

लगेच, छोटं, नेमकं. "शहाणी मुलगी" यात तिला काय केलं ते कळत नाही; "हात न सोडता रस्ता ओलांडलास, मस्त!" यात कळतं. मुलाला काय आवडतं हे आपण ठरवायचं नाही. मोकळ्या वेळात पंधरा मिनिटं बघत बसा, ते काय उचलतं, कशाकडे परत परत जातं. पोटभर खाल्ल्यावर चॉकलेटची किंमत उरत नाही, आणि दिवसभर टॅब हातात असेल तर टॅबचं बक्षीस कुचकामी.

चांदण्यांचा तक्ता लावणार असाल तर पाच चांदण्यांपासून सुरुवात करा, पहिली पहिल्या पाच मिनिटांत मिळेल अशी व्यवस्था करा, पाच झाल्या की त्याच संध्याकाळी बक्षीस. सारसबागेत एक चक्कर, रात्री एक जास्तीची गोष्ट. महिनाभर तीस चांदण्या साठवून सायकल, हे चार वर्षांच्या मुलाला न साठवण्यासारखंच आहे. आणि एकदा मिळालेली चांदणी कधीही काढून घेऊ नका. काढून घेतलेल्या तक्त्यासाठी कोणी धडपडत नाही.

धपाट्याबद्दल

धपाटा दिला की रडणं क्षणभर थांबतं. इथे शिकतं कोण हे बघा: आपण. नको असलेला आवाज बंद झाला, म्हणून पुढच्या वेळी हात लवकर उचलला जातो. मुलाला मात्र अभ्यास, भूक, कंटाळा यांपैकी कशाचाच दुसरा रस्ता मिळालेला नसतो. तो मारणाऱ्यापासून लपायला आणि आपल्याहून लहानाला मारायला शिकतो. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने बंदी आहे. घरातही ती असावी असं आम्ही ठामपणे म्हणतो.

घरातली सगळी माणसं

एक जण नाही म्हणतो आणि दुसरा देतो, तर मूल दुसऱ्याकडे जातं. हे त्याचं लबाड असणं नव्हे, ते नीट शिकलंय. आजी-आजोबांशी वाद घालून हे सुटत नाही. वही दाखवा. "आई, गुरुवारी आपण वही बंद केली आणि शुक्रवारी त्याने चिमटा परत काढला, हे बघ." आकडे समोर आले की बोलणं माणसावर न जाता प्रसंगावर राहतं. मग आजीला काढून घेण्याचं काम देऊ नका, देण्याचं द्या. कार्ड दाखवलं की विश्रांती आजीने द्यायची, चांदणी आजोबांनी चिकटवायची. लाड तसेच राहतात, फक्त योग्य क्षणाला जोडले जातात. ठरलेली दोन वाक्यं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. पोळ्यांच्या मावशी आणि पाळणाघरातल्या ताई यांनाही तीच सांगा.

फरक पडतोय का

चौकटीच्या कागदावर आडवे दिवस, उभी संख्या. रोज किती वेळा हे मोजा. रडणं लांबत असेल तर किती मिनिटं. सुरुवातीच्या आठवड्याचे टिंब आधी, मग एक उभी रेघ मारून पुढचे. आपली आठवण शेवटच्या वाईट संध्याकाळीला चिकटते. कागदावर मात्र आठवड्याला चौदावरून नऊ झालेले दिसतात.

दोन आठवडे प्रामाणिकपणे करून रेघ खाली येत नसेल तर शंका याच क्रमाने घ्या. ओळखलेलं काम चुकलंय का? शिकवलेला रस्ता जुन्यापेक्षा हळू किंवा अवघड आहे का? घरात कोणीतरी अजून जुनंच देतंय का? बक्षिसाची मजा संपली का? फार क्वचित कारण याच्या बाहेर असतं, आणि असलं तर ते बहुधा झोप किंवा दुखणं.

मदत कधी घ्यावी

स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, येणारे शब्द जायला लागले असतील, बारा महिन्यांचं मूल नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचं स्वतःचं वाक्य नसेल, तर "मोठा झाला की बोलेल" म्हणून थांबू नका. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांमध्ये मुलांची तपासणी होते आणि गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं, विनामूल्य. स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. प्रमाणपत्र मिळालं की सवलतींचा मार्ग खुला होतो.

खासगी थेरपिस्टकडे गेलात तर विचारा: नोंदी आणि आलेख आम्हाला दाखवाल का? सत्रात पालकांना बसता येतं का? मूल नको म्हणालं, रडलं, तर काय करता? वर्तन विश्लेषणाचा इतिहास सगळा अभिमानाचा नाही. १९६० च्या दशकात स्वमग्न मुलांवर विजेचे झटके वापरले गेले, आणि या उपचारांतून गेलेली अनेक माणसं आज मोठी होऊन त्याबद्दल बोलत आहेत. त्यांचं ऐकायला हवं. हात फडफडवणं, नजर टाळणं, डुलणं यांनी कोणाला इजा होत नाही. ते बंद करणं हेच उद्दिष्ट ठेवणाऱ्या, "तीन महिन्यांत नॉर्मल करून देऊ" म्हणणाऱ्या किंवा बंद दाराआड काम करणाऱ्या ठिकाणाहून उठून या.

पहिल्या भेटीला जाताना दोन गोष्टी सोबत न्या. आठवड्याची वही, आणि फोनवर दोन मिनिटांचा एक व्हिडिओ, ज्यात प्रसंगाच्या आधीचं अर्धं मिनिट नक्की असेल. दवाखान्यात मूल बहुतेक वेळा शांत बसतं आणि आपण "घरी असं नसतं हो" म्हणत राहतो. ते अर्धं मिनिट तज्ज्ञाला सगळ्यात जास्त कामाला येतं.